घाटावरच्या नाक्यातला उन्हाळा

माझं लग्न झालं तेव्हा आमचे हे सरकारी नोकरीत होते आणि देवी काढायचं काम करत होते. आताच्या पोरांना हे कळत नाही, म्हणून सांगते. देवी येणं म्हणजे तो रोग. त्यात माणूस मरायचं, नाहीतर आंधळं व्हायचं, नाहीतर जन्मभर तोंडावर वण घेऊन हिंडायचं. आणि देवी काढणं म्हणजे तो रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचणं. दोन्हीला देवीच म्हणायचे. त्यामुळं खेड्यातल्या कितीतरी बायांना वाटायचं, की हा टोचणारा माणूस देवीला आपल्या घरात बोलावून आणतोय.

निजामाचा अमल होता आणि तिकडं दूर मोठी लढाई चालू होती. त्या साली माघातच बाजारांतून देवीच्या बातम्या यायला लागल्या. यांच्याकडं येडशीच्या पुढची गावं दिली, काही घाटावरची, काही खालच्या अंगाची. अडचण लसीची होती. लस काचेच्या बारीक नळ्यांत यायची आणि ऊन लागलं की मरायची. धाराशिवहून निघून गावात पोचेपर्यंत दुपार व्हायची, मुक्काम पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या नळ्यांत काही जीव उरलाय की नाही हे कुणालाच सांगता यायचं नाही. यांनी रानं पालथी घातली आणि घाटाच्या कडेवर एक जागा शोधून काढली.

तो जुना जकात नाका होता. निजामाच्या मोगलाईतून इंग्रजी हद्दीत, बार्शीकडं जाणाऱ्या बैलगाड्या पूर्वी त्या वाटेनं उतरायच्या. पुढं दुसरीकडून रस्ता झाला, नाका तिकडं गेला आणि ही दोन खोल्यांची काळ्या दगडाची चौकी डोंगरावर एकटी राहिली. मागची खोली अर्धी डोंगरात खोदलेली होती. तिच्या भिंतीतून पाणी पाझरायचं. बाहेर पाखरं चोच उघडी टाकून सावलीला बसायची, आणि आत गेलं की पदर अंगाभोवती ओढून घ्यावासा वाटायचा. त्या खोलीत ओल्या वाळूत रांजण पुरून त्यात यांनी लसीची डबी ठेवली. सकाळी लागतील तेवढ्याच नळ्या काढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, एक गाव करायचं आणि दिवस मावळायच्या आत परत वर यायचं, असं ठरलं.

मला बरोबर न्यायचं कारण भाकरी थापणं एवढंच नव्हतं. परक्या पुरुषापुढं दंड उघडा करायला बाया तयार नसायच्या, आणि बाई तयार नसली की तिचं पोरही हाती लागायचं नाही. बाई माणूस सोबत असलं तर काम होईल, असं यांना वाटलं. माझी आई अणदूरला होती. तिला कळलं तेव्हा तिनं खंडोबाला नवस बोलला आणि मग मला शिव्या दिल्या, की नवी नवरी डोंगरात जाऊन राहते का कुठं. मला मात्र जायचं होतं. घाटाच्या पायथ्याला जे शेवटचं गाव होतं, तिथं माझी सख्खी थोरली बहीण दिलेली होती. नाक्याच्या कट्ट्यावरून त्या गावचं चिंचेचं बन दिसायचं.

नाक्यात आधीपासून एक म्हातारा राहत होता. तो त्या नाक्यावरचा जुना शिपाई. नाका गेला तरी हा गेला नाही. बायको वारलेली, मूलबाळ नव्हतं, चार शेळ्या पाळून होता. लहानपणी त्याला देवी येऊन गेल्या होत्या. सगळं तोंड खडबडीत झालं होतं आणि एक डोळा दुधासारखा पांढरा. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यानं मला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "भिऊ नको बेटी. या तोंडाला शेळ्यापण भीत न्हाईत."

रोज आम्ही तिघं निघायचो. घाटावरच्या गावांना पठारावरून सरळ वाट होती, पण खालच्या गावांना उतरताना पायाखालचे दगड निसटायचे आणि चढून येताना छाती फुटायची. गावात पोचलं की हे चावडीपुढं बसायचे आणि मी घरोघर जायची. बहुतेक घरांत पोरं सापडायचीच नाहीत. मामाच्या गावाला गेलीत म्हणून सांगायचे, आणि कणगीतून खोकल्याचा आवाज यायचा. एका घरात बाळाला कोंबड्यांच्या खुराड्यात निजवलेलं मी स्वतः काढलं. चाचा बायांना लांबून म्हणायचा, माझ्याकडं बघा आणि मग काय ते ठरवा. काही बघायच्या आणि पोरं आणून द्यायच्या. काही म्हणायच्या, तुम्हाला देवीनं राखलं की, मग आमच्याही पोरांना राखील.

हे दंडावर लसीचा थेंब ठेवायचे आणि सुयांचं छोटं चाक फिरवून कातडी हलकी खरवडायचे. आम्ही पाठ फिरवली की काही आया त्यावर राख चोळायच्या, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी निम्मी पोरं टिकली तरी पुष्कळ, असं हे म्हणायचे. संध्याकाळी वर येताना मला फार बरं वाटायचं, ते नाकारत नाही. हुलग्याचं माडगं चुलीवर असायचं, चाचाच्या शेळ्या आवाज द्यायच्या, आणि आजचं एक गाव झालं असं वाटायचं.

अक्काच्या गावाला आम्ही फाल्गुनात उतरलो. तिच्या नवऱ्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. धाकटं मूल पोटात असतानाच तो तापानं गेला. घरात अक्का, तिची सासू, सहा वर्षांची मुलगी आणि तो दीड वर्षाचा मुलगा. गावातलं एकुलतं एक दुकान त्यांचं. कपाळभर विभूती लावलेली ती सासू गल्ल्यावर बसायची आणि गावातला कुणीही पुरुष तिच्याशी आवाज चढवून बोलत नसे. अक्कानं आधीच तिच्या कानावर घालून ठेवलं होतं. सासू आम्हाला जेवू घालेपर्यंत काही बोलली नाही. नंतर तिनं देवीच्या ओट्यावर जाऊन कौल लावला, बराच वेळ बसली, आणि येऊन नातवंडांना यांच्यापुढं उभं केलं. बघायला सगळं गाव जमलं होतं. अक्काची मुलगी रडली नाही. भाऊ रडला तर त्याच्या तोंडात तिनं गुळाचा खडा घातला.

त्या घराकडं बघून गावानं पोरं बाहेर काढली. एका दिवसात एवढे दंड कधी झाले नव्हते. सांजेला घाट चढताना हे एकटेच पुढं चालत होते आणि गुणगुणत होते. लग्नानंतर मी त्यांना गुणगुणताना तेव्हाच ऐकलं.

टोचल्यावर आठवड्यानं दंड बघायला जायचं असतं. लस लागली की तिथं फोड धरतो, त्याला देवी उठली म्हणायचे. घाटावरच्या एका गावात आम्ही आधी गेलो. एकही दंड उठला नव्हता. हे म्हणाले, राख चोळली असणार. दुसऱ्या गावात तेच. मग आम्ही अक्काकडं उतरलो. तिथं राख चोळायचा प्रश्न नव्हता, अक्कानं दोन्ही पोरांना जिवापाड जपलं होतं. मुलीनं बाही वर करून दंड पुढं केला. ओरखडे वाळून गेले होते. बाकी कोवळी कातडी जशीच्या तशी.

यांनी तिच्या दंडावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि उठले. बाकीचे दंड नंतर बघू, असं बाहेर जमलेल्या लोकांना सांगितलं. वाटेत मी विचारलं तर म्हणाले, लस मेलेली होती.

लस नाक्यात मेली नव्हती. ती आली तेव्हाच मेलेली होती. हे येडशीच्या स्टेशनावर चौकशी करून आले. लढाईचा माल पुढं जायचा म्हणून आमची पेटी मधल्या कुठल्याशा स्टेशनात किती दिवस पत्र्याखाली पडून होती, हे तिथल्या माणसालाही नक्की सांगता येईना. म्हणजे नाक्याला आल्यापासून आम्ही जेवढी गावं केली, तेवढ्या गावांत पाणी टोचत हिंडलो होतो.

हे धाराशिवला वरच्या साहेबांकडं गेले. परत आले तेव्हा कट्ट्यावरच बसून राहिले, पाणीही प्याले नाहीत. साहेबांनी सांगितलं होतं, की नवी लस येईल तेव्हा येईल. तोवर गावांत काही बोलायचं कारण नाही, लोक बिथरतील आणि पुढं कधी हात पुढं करणार नाहीत. नवी आली की दुसऱ्यांदा टोचावं लागतं म्हणून सांगायचं आणि टोचून टाकायचं.

साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मलाही तेच बरं वाटलं, आणि मी तसं बोलले. हे म्हणाले, "आपण टोचलंय म्हणून ते बिनघोर झालेत. बाजारात पोरं घेऊन जायला लागलेत. आजारी घरात जायला लागलेत. आपण गप्प बसलो तर ती पोरं मरतील, आणि आपल्या भरवशावर मरतील."

मी एवढंच म्हटलं, की मग पहिल्यांदा अक्काच्या गावाला जाऊ.

चावडीपुढं यांनी उभं राहून सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, स्टेशनाचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं, पोरांना बाजारात नेऊ नका म्हणून हात जोडले. मग एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "म्हंजी त्या दिशी पाणी टोचलं व्हय आमच्या पोरास्नी?"

"व्हय," हे म्हणाले. "पाणीच म्हणा."

कुणीतरी हसलं. मागून एक खडा आला आणि यांच्या खांद्याला लागला. तो कुणी मारला ते मला दिसलं होतं. त्या बाईनं त्या दिवशी कणगीत लपवलेलं बाळ काढून माझ्या हातात दिलं होतं. अक्काची सासू दुकानाच्या पायरीवर उभी होती. ती चालत आमच्यापाशी आली आणि हळू आवाजात बोलली, "पाव्हणे, माझ्या घराकडं बघून गावानं हात फुडं केले. देवीचा कौल म्या लावला. आता देवीला काय सांगू, आन गावाला काय सांगू? तुमी या गावात पुन्यांदा येऊ नका."

अक्का दारात होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत गेली.

बाकीच्या गावांतही आम्ही गेलो. एका गावात वेशीवरूनच परत फिरवलं, एका ठिकाणी कुत्री सोडली. एका गावात मात्र पाटलानं सगळं ऐकून घेतलं, आम्हाला ताक दिलं आणि म्हणाला, नवी लस आली की आधी आमच्याकडं या, खरं बोलणारा माणूस बरा. हे त्या ताकाची आठवण पुढं जन्मभर काढायचे. मला आठवतात ती कुत्री.

पाडवा झाला आणि देवी घाटाखालच्या गावांत आल्या. नाक्याच्या कट्ट्यावरून सगळं दिसायचं आणि काही करता यायचं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. अक्काच्या गावानं वेशीला लिंबाच्या पाल्याची तोरणं बांधली. बाहेरच्या माणसाला बंदी केली. चाचाला तेवढा मज्जाव नव्हता. ज्याला देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि अशा माणसावर देवीची मर्जी असते असंही मानत. चाचा शेळीचं दूध घेऊन खाली जायचा आणि दुपारी येऊन सांगायचा, आज कुंभाराच्या घरी, आज वेशीजवळच्या घरी. अक्काच्या घरी सगळं ठीक आहे, हे तो सगळ्यात आधी सांगायचा.

नवी लस आली, ती हे स्वतः स्टेशनावर थांबून, गाडीतून उतरल्या उतरल्या घेऊन आले. ओल्या पोत्यात गुंडाळलेली डबी छातीशी धरून ते घाट चढले. नाक्याजवळ उतरलेल्या धनगरांच्या एका बाळाला त्यांनी आधी टोचलं आणि रोज दंड बघत राहिले. फोड धरला त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढं हात धरून त्या बाळाला नाचवलं. लस जिवंत होती. ताक देणाऱ्या पाटलाच्या गावानं सगळी पोरं टोचून घेतली. आणखीही दोनेक गावं तयार झाली. अक्काच्या गावाला चाचाकरवी निरोप धाडला. उत्तर आलं नाही.

त्यानंतर एका दुपारी मी झऱ्यावर भांडी घासत होते. खालच्या वाटेनं कुणी बाई चढताना दिसली. त्या उन्हात त्या वाटेला कुणी फिरकत नसे. जवळ आल्यावर ओळखलं, अक्का होती. कडेवर पोरगा, डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, एका पायातून रक्त येत होतं. तिनं चप्पल घातलेली नव्हती. घरात देवी आल्या की चप्पल घालत नाहीत. मी भांडी तशीच टाकून तिच्याकडं धावले.

कट्ट्यावर बसून ती पाणी प्याली. मग म्हणाली, "दोघास्नीबी आणणार हुते. पोरगी काल सांजपासनं तापलीया. म्हातारीनं दारात पाला बांधलाय. ह्याला अजून काई न्हाय. ह्याला टोचा, पाव्हणं."

यांनी मुलाला मागच्या खोलीत नेऊन टोचलं. हात धुऊन बाहेर आले आणि म्हणाले, "अक्का, आता तुम्हीपण हात द्या. तुम्हाला लहानपणी टोचलेलं नाही, मला हिनं सांगितलंय. पोरीजवळ तुम्हीच बसणार."

अक्का नाही म्हणाली. यांनी समजावलं, मी समजावलं. चाचा लांब शेळ्यांपाशी होता, तोही जवळ येऊन उभा राहिला. अक्का आमच्यापैकी कुणाकडं न बघता बोलत होती. "मला कळतंय तुमी काय म्हणताव ते. पर घरात देवी बसल्यावर त्या घरच्या बाईनं टोचून घिऊ नये म्हणत्यात. आज म्या हात दिला आन उंद्या पोरीचं काई झालं, तर म्या कुणाकडं बघू? ह्यो घराबाहेर आलाय, ह्याचं निराळं हाय. मला न्हाय जमायचं."

"अक्का, असं नसतं गं," मी म्हटलं.

"नसंल," ती म्हणाली. "पर आज न्हाय."

तिनं मुलाला मागच्या थंड खोलीत नेलं आणि पाजलं. तो अजून अंगावर पीत होता. तो झोपला तेव्हा ती बाहेर आली, त्याचं एक झबलं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, दोन दिवस रडेल, मग राहील. पोरगी हाक मारत असेल, असं म्हणून ती लगेच निघाली. मी माझ्या चपला पुढं केल्या त्या तिनं घेतल्या नाहीत. हे घाटाच्या अर्ध्या वाटेपर्यंत तिच्याबरोबर गेले. वळणावर तिनं त्यांना परत पाठवलं.

पोरगा दोन दिवसांपेक्षा पुष्कळ जास्त रडला. शेळीचं दूध फडक्यानं चोखवायचं, तर तो तोंड फिरवायचा आणि माझ्या पदरात धुंडाळायचा. माझ्या अंगात दूध नव्हतं. मी त्याला घेऊन कट्ट्यावर येरझारा घालायची आणि चिंचेच्या बनाकडं तोंड होऊ नये अशी बेतानं फिरायची, जसं काही त्याला तिथलं काही कळणार होतं. आठवड्यात त्याच्या दंडावर फोड धरला. भला मोठा, काठाला लालभडक. हे म्हणाले, हा वाचला. मी रडले, आणि लगेच मुलीचा विचार मनात आला.

मुलगी त्याआधीच गेली होती. चाचानं ते दोन दिवस आम्हाला सांगितलं नव्हतं. तिला भरगच्च देवी आल्या, अंगावर बोट ठेवायला जागा राहिली नाही, शेवटी घसा बंद झाला. आम्हा लिंगायतांत जंगमाशिवाय माती होत नाही. जंगम आला, पण वेशीबाहेर लांब उभा राहून त्यानं मंत्र म्हटले. खड्डा खणायला गावातलं कुणी पुढं होईना. घरोघर कुणी ना कुणी आजारी होतं. तो चाचानं खणला. मुलीला बसवून खाली उतरवायचं असतं. ते कसं करायचं हे चाचाला माहीत नव्हतं, तेव्हा अक्काची सासू स्वतः खड्ड्यात उतरली आणि तिनं नातीला मांडीवर घेतल्यासारखं बसवलं. चाचा एवढं सांगून शेळ्यांकडं गेला. संध्याकाळी तो जेवायला आला नाही.

मला वाटलं होतं, आता अक्का वर येईल. ती आली नाही. मुलीच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी तिला ताप भरला.

हे वेशीवर गेले, गावानं आत घेतलं नाही. मी गेले, मलाही नाही. मी तोरणाच्या अलीकडं दगडावर बसून राहिले. सासूला कुणी सांगितलं असेल, ती वेशीच्या पलीकडं येऊन उभी राहिली. विभूतीशिवाय तिचं कपाळ मी पहिल्यांदा पाहत होते. मी पोरगा चांगला आहे, दंड उठला, असं ओरडून सांगितलं. तिनं मान हलवली आणि परत गेली.

अक्का जगली. डोळे गेले, दोन्ही. सासूनं दुकान बंद ठेवून पुरा महिनाभर तिच्यापाशी बसून काढला. केळीच्या पानावर निजवायची, अंगावर माशी बसू द्यायची नाही, लिंबाच्या डहाळीनं वारा घालायची, फोडणीचा वास घरात येऊ द्यायची नाही. चाचा सांगायचा, म्हातारी कधी झोपते कळत नाही. त्या गावातली कितीतरी पोरं गेली. ज्यांनी दुसऱ्यांदा टोचून घेतलं त्या गावांतली राहिली. यावर हे कधी बोलले नाहीत. पण त्या साली त्यांचे केस पांढरे व्हायला लागले, आणि त्यांचं वय तेव्हा तीसही नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी गावानं तोरणं काढली. आम्ही पोरग्याला घेऊन उतरलो. तो आता पळत होता आणि मला अव्वा म्हणायला लागला होता. आमच्या माहेरी आईला तसंच म्हणतात, त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. अक्का ओसरीवर खांबाला टेकून बसली होती. तिचं तोंड मी सांगत नाही. आवाजावरून तिनं आम्हाला ओळखलं आणि हात पुढं केले.

पोरग्यानं तिच्याकडं पाहिलं आणि किंचाळून माझ्या मागं लपला. मी त्याला पुढं ढकललं, तर त्यानं माझ्या लुगड्याला मिठी मारली. चाचाला तो भीत नव्हता, त्याच्या मांडीवर झोपायचा, पण आईला भ्याला. अक्कानं हात आवरून मांडीवर घेतले.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घिऊन जा त्याला. दिवाळीला आण."

सासू आतल्या दारात उभी होती. ती तेव्हाही माझ्याशी बोलली नाही.

पावसाळाभर तो आमच्याकडं धाराशिवला राहिला. त्याला मी रोज सांगायची, तुझी आई घाटाखाली आहे, तिला दिसत नाही, तिच्या तोंडाला लागलंय. तो ऐकायचा आणि खेळायला जायचा. मला त्याला परत द्यायचं नव्हतं, हे यांना कळत होतं. त्यांनी मला एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. फक्त दिवाळी जवळ आली तसे ते त्याच्यासाठी नवा सदरा शिवून घेऊन आले.

आम्ही त्याला नेलं तेव्हा दुकान उघडं होतं. अक्का आत ज्वारी पाखडत बसली होती, हातानंच खडा ओळखून काढत होती. पोरगा उंबऱ्यातच अडला. रडला नाही, पण पुढंही गेला नाही. अक्कानं त्याला बोलावलं नाही. ती पाखडत राहिली आणि त्याच्याशी काहीबाही बोलत राहिली, चिमण्या दाणे खायला येतात, त्यांना हाकलायला मला दिसत नाही, असलं. बऱ्याच वेळानं तो आत गेला आणि चिमण्यांना हाकलत तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. त्यापेक्षा जवळ तो त्या दिवशी गेला नाही.

मी उठले. यांनी पिशवी उचलली. निरोप घ्यायचा म्हणजे पोरगा मागं लागणार, म्हणून न सांगताच निघायचं आमचं ठरलं होतं. सासू दारात आडवी उभी होती. मला वाटलं, आता काही ऐकावं लागेल.

"जेवून जा," ती म्हणाली.

चावडीवरच्या त्या दिवसानंतर ती आमच्याशी पहिल्यांदाच बोलली होती. आम्ही पिशवी खाली ठेवली. तिनं पाट मांडले, यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि भाकरी थापायला बसली. फोडणीचा वास घरभर पसरला.